१९७० ची चेव्हेल एसएस ४५४ : ‘नंबर मॅचिंग’ म्हणतात तेव्हा नक्की काय जुळायला हवं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही ओहायोत कोलंबसजवळ राहता, सॉफ्टवेअरमध्ये काम करता, आणि बरीच वर्षं मनात असलेली गाडी आता आवाक्यात आली आहे. १९७० ची शेव्हरोले चेव्हेल एसएस (सुपर स्पोर्ट) ४५४, लाल रंग, काळे पट्टे, चार गिअर. विकणारा म्हणतो की ही एलएस६, म्हणजे सगळ्यात ताकदवान इंजिनाची आहे आणि ‘नंबर मॅचिंग’ आहे, म्हणजे इंजिनावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळतो. त्याने इंजिनावरच्या नंबराचा फोटो आणि जुन्या बिल्ड शीटची, म्हणजे गाडी बांधतानाच्या कारखान्यातल्या कागदाची, प्रत पाठवली आहे. तुम्ही विचारलंय, ‘गाडी खरी आहे का? आणि मी कधी हातात पाना धरलेला नाही, मला ती सांभाळता येईल का?’

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात वडिलांची लहानशी फौंड्री होती. ओतीव लोखंडावरची साच्यातून आलेली अक्षरं कोणती आणि नंतर पंचाने ठोकलेली कोणती, हे मी शाळेत असतानाच बोटांनी ओळखायला शिकलो. पुढे मिशिगनला आलो आणि गेली सव्वीस वर्षं साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन गाड्या सुट्या करून पुन्हा बांधायचं काम करतोय. त्यात सगळ्यात जास्त चेव्हेलच आल्या. तरीही फोटोवरून मी होकार किंवा नकार देणार नाही. गाडी समोर नसताना जो कोणी देईल, त्याच्या शब्दावरही पैसे लावू नका.

तुमच्या एका प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. ही गाडी कारखान्यातून एसएस ४५४ म्हणून बाहेर पडली का? आज तिच्यात बसलेलं इंजिन तिचं जन्माचं आहे का? आणि ते इंजिन एलएस६ आहे का? विकणारा ‘नंबर मॅचिंग’ एवढं म्हणून तिन्हींची उत्तरं एकदम देऊन मोकळा होतो. पण तिन्हींचे पुरावे वेगळे असतात, आणि एकाचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून बाकीच्यांचं येईलच असं नाही. गावाकडे जमीन घेताना आपण सातबारा बघतो, फेरफार बघतो, आणि मग मोजणी आणून हद्दही बघतो. कागदावरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र एक निघालं, तरच विसार देतो. इथेही कागद आणि लोखंड, दोघांनी एकच हकीकत सांगायला हवी.

या गाडीच्या बाबतीत एवढी काळजी का, ते आधी सांगतो. मध्यम आकाराच्या गाडीत ४०० क्युबिक इंचांहून मोठं इंजिन बसवायचं नाही, असं जनरल मोटर्सचं स्वतःचं बंधन होतं. १९७० च्या मॉडेलपासून ते उठलं आणि शेव्हरोलेने चेव्हेलमध्ये ४५४ क्युबिक इंचांचं, म्हणजे जवळपास ७.४ लिटरचं इंजिन दिलं. त्यात दोन प्रकार होते. एलएस५ ची ताकद ३६० हॉर्सपॉवर आणि एलएस६ ची ४५०. हे आकडे जुन्या ग्रॉस पद्धतीचे, म्हणजे इंजिन गाडीबाहेर, जोडउपकरणांशिवाय मोजलेले, त्यामुळे आजच्या गाडीच्या आकड्यांशेजारी ठेवून तुलना करू नका. चेव्हेलमध्ये एलएस६ मिळाली ती त्या एकाच वर्षी, आणि एल कमिनो (चेव्हेलवरच बांधलेली पिकअप) धरून एकूण ४,४७५ बनल्या. म्हणून खऱ्या एलएस६ ची किंमत आणि तशाच दिसणाऱ्या साध्या मालिबूची (चेव्हेलच्याच रोजच्या वापराच्या मॉडेलची) किंमत यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. बनावट जन्माला येते ती या अंतरातूनच.

आता व्हिन, म्हणजे आपण ज्याला चासी नंबर म्हणतो तो. डॅशबोर्डवर ड्रायव्हरच्या बाजूला, काचेतून दिसेल अशी पट्टी असते. तुमच्या गाडीचा नंबर १३६३७० ने सुरू होत असावा. पहिला १ म्हणजे शेव्हरोले, ३६ म्हणजे व्ही८ इंजिनाची मालिबू, ३७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप (खिडक्यांमध्ये खांब नसलेली), ० म्हणजे १९७०. पुढचं अक्षर कारखान्याचं : के असेल तर कॅन्सस सिटी, बी असेल तर बाल्टिमोर, आर असेल तर टेक्सासमधलं आर्लिंग्टन. शेवटचे सहा आकडे अनुक्रमाचे. यात एसएस कुठेच नाही, हे नीट लक्षात घ्या. १९६६ ते १९६८ या तीन वर्षांत एसएस ३९६ ही वेगळी मालिका होती आणि तिचा नंबर १३८ ने सुरू व्हायचा. ती गाडी काचेतूनच ओळखता येते. १९६९ पासून एसएस हा नुसता ऑप्शन झाला. ३०७ क्युबिक इंचांचं साधं इंजिन असलेली, किराणा आणायला घेतलेली मालिबूसुद्धा व्हिनवर एलएस६ सारखीच दिसते. त्यामुळे ‘व्हिन तपासला, बरोबर आहे’ याचा अर्थ एवढाच, की ही व्ही८ मालिबू आहे.

दुसऱ्या ब्रँडच्या गाड्यांना हा त्रास कमी. १९६६ ते १९७१ च्या पॉन्टियाक जीटीओचा नंबर २४२ ने सुरू होतो, आणि पॉन्टियाकच्या जुन्या बिलांच्या नोंदी पीएचएस नावाच्या संस्थेकडून विकत मिळतात. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी मार्टी रिपोर्ट मिळतो. त्यात ती गाडी कोणत्या रंगात, कोणत्या इंजिनासह बनली हे कारखान्याच्या नोंदीवरून लिहिलेलं असतं. क्रायस्लरने तर व्हिनच्या पाचव्या जागी इंजिनाचं अक्षरच घातलं. १९७० च्या गाडीत तिथे आर असेल तर ४२६ हेमी. शेव्हरोलेचं असं कपाट अमेरिकेत नाही. कॅनडात विकल्या गेलेल्या गाड्यांच्या नोंदी जनरल मोटर्स कॅनडाकडे आहेत आणि त्या मागवता येतात, म्हणून तुमच्या गाडीची पहिली विक्री कॅनडातली होती का, एवढं विक्रेत्याला जरूर विचारा. ती अमेरिकेतली असेल, तर जे काही सिद्ध करायचं ते गाडीसोबत टिकलेल्या कागदांवरून आणि गाडीच्या अंगावरूनच.

कागदांत पहिला मान बिल्ड शीटचा. कारखान्याच्या लाइनवर कामगारांना कळावं म्हणून प्रत्येक गाडीबरोबर छापील कागद फिरायचा : कोणतं इंजिन, कोणता गिअरबॉक्स, कोणता एक्सल, कोणते ऑप्शन. काम झालं की तो कागद गाडीतच कुठेतरी राहायचा, बहुधा पेट्रोल टाकीच्या वर किंवा मागच्या सीटच्या स्प्रिंगांत. तुमच्या शीटवर एसएस ४५४ चा ऑप्शन नंबर झेड१५ आणि चार गिअरच्या एलएस६ चा कोड सीआरव्ही दिसायला हवा. ऑटोमॅटिकला सीआरआर असतो. एलएस५ असेल तर सीआरटी किंवा सीआरक्यू. नंतर शीटवरचा गाडीचा नंबर डॅशवरच्या व्हिनशी जुळवा. कधी कधी लाइनवर शेजारच्या गाडीचा कागदही आपल्या गाडीत पडायचा. मी स्वतः एका मालिबूच्या सीटखालून दुसऱ्याच गाडीचं शीट काढलंय, आणि त्यात कोणाची लबाडी नव्हती.

प्रत पाहून समाधान मानू नका, मूळ कागद हातात घ्या. पन्नास वर्षं सीटच्या स्प्रिंगांना चिकटून राहिलेल्या कागदावर गंजाच्या रेघा उमटतात, आणि त्या रेघांचं अंतर त्या सीटच्या स्प्रिंगांशी जुळतं. टाकीवरचा कागद बहुतेकदा फाटका, डागाळलेला, कडेने विरलेला असतो. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला कागद सगळीकडे सारखाच पिवळा दिसतो. जुन्या फॉर्मची हुबेहूब छपाई आज करून मिळते, म्हणून कागदावर काय लिहिलंय याइतकंच तो कुठे, कधी आणि कोणाला सापडला हेही महत्त्वाचं. शीट सापडताना काढलेला जुना फोटो असेल तर सोन्याहून पिवळं.

दुसरा कागद म्हणजे प्रोटेक्ट-ओ-प्लेट. हा कागद नसून धातूची पट्टी असते, वॉरंटीच्या पुस्तिकेत बसवलेली. तिच्यावर गाडीचा नंबर, इंजिन आणि एक्सलचे कोड उलट्या अक्षरांत असतात, कारण डीलर तिचा ठसा वॉरंटीच्या फॉर्मवर उमटवायचा. तीही नव्याने बनवून मिळते, म्हणून पट्टी ज्या पुस्तिकेत आहे ती पुस्तिका, तिच्यावरचं पहिल्या मालकाचं नाव आणि जुनी टायटलं (मालकीचे सरकारी कागद) एकमेकांशी जुळतात का ते पाहा. मला स्वतःला मालकांची सलग साखळी कोणत्याही छापील कोडपेक्षा जास्त पटते. १९७५ साली गाडी कोणाकडे होती, त्या माणसाशी किंवा त्याच्या मुलांशी बोलता आलं, त्यांच्या अल्बममध्ये गाडीचा फोटो निघाला, तर शंका बऱ्याच कमी होतात.

आता लोखंड. तुम्हाला पाठवलेला फोटो इंजिनाच्या पुढच्या बाजूला, पॅसेंजरकडच्या हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, पुढे असलेल्या सपाट जागेचा आहे. त्या जागेला पॅड म्हणतात. तिथे दोन वेगवेगळे ठसे असतात, आणि ते दोन वेगळ्या गावी, वेगळ्या दिवशी मारलेले असतात. पहिला इंजिनाच्या कारखान्यातला. हे मोठे ब्लॉक, म्हणजे इंजिनाचे मुख्य ओतीव भाग, न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडाला बनत, म्हणून ठसा टी ने सुरू होतो. समजा तो टी०२२०सीआरव्ही आहे : टोनावांडा, २० फेब्रुवारी, एलएस६ चार गिअर. दुसरा ठसा गाडीच्या कारखान्यात इंजिन बसवताना मारलेला : गाडीच्या व्हिनचाच भाग, म्हणजे १, ०, के आणि मग अनुक्रमाचे सहा आकडे. दोन ठिकाणी, दोन हातांनी मारलेले असल्यामुळे ते एकाच खोलीचे, एकाच ओळीत, एकाच वळणाचे नसतात. दोन्ही अगदी सारखे, आखीव दिसले, तर मी तिथेच थांबतो आणि भिंग काढतो.

याशिवाय ब्लॉकवर ओतकामाचे नंबर असतात. ते पंचाचे नसून साच्यातून आलेले, उठावाचे. ब्लॉकच्या मागच्या टोकाला, गिअरबॉक्स जोडतात तिथे ३९६३५१२ हा नंबर असावा. बरेच विक्रेते हा नंबर दाखवून ‘बघा, एलएस६’ म्हणतात, पण तोच साचा एलएस५ लाही वापरला गेला, त्यामुळे त्यावरून ४५४ चा ब्लॉक आहे एवढंच कळतं. खरी कामाला येते ती ओतकामाची तारीख. ती अक्षर आणि आकड्यांत असते : ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, याप्रमाणे. बी १० ० म्हणजे १० फेब्रुवारी १९७०. आणि इंजिनाच्या मागच्या भिंतीवर, म्हणजे फायरवॉलवर, बॉडीचा टॅग असतो, त्यावर बॉडी बनल्याचा महिना आणि आठवडा : ०३बी म्हणजे मार्चचा दुसरा आठवडा. त्याच टॅगवर रंगाचा कोड असतो. तुमची गाडी मुळात क्रॅनबेरी रेड असेल तर तिथे ७५ दिसेल. एसएसचा उल्लेख मात्र या टॅगवर बहुधा नसतो.

मग क्रम लावा. आधी ब्लॉक ओतला, मग त्याचं इंजिन बांधलं, मग ते गाडीत बसलं. वरच्या उदाहरणात १० फेब्रुवारी, २० फेब्रुवारी आणि मार्चचा दुसरा आठवडा. सगळं रांगेत आहे. काही दिवस ते काही आठवडे हे अंतर मला नेहमी दिसतं. इंजिनं साठ्यात पडून राहायची, म्हणून कधी ते वाढतंही, आणि तेवढ्यावरून मी गाडी नाकारत नाही. पण ब्लॉक ओतल्याची तारीख बॉडीच्या तारखेनंतरची निघाली, तर पॅडवर काहीही लिहिलेलं असो, ते इंजिन त्या गाडीत जन्मलेलं नाही. बनावट करणाऱ्याला पॅड पुन्हा ठोकता येतो, पण साच्यातून आलेली तारीख बदलणं फार अवघड. फौंड्रीत वाढलेल्या माणसाला तर घासून पुन्हा भरलेलं अक्षर बोट फिरवल्यावरही कळतं. गिअरबॉक्सवरही व्हिनचा भाग ठोकलेला असतो आणि मागच्या एक्सलच्या नळीवर कोड आणि तारीख असते, तेही याच रांगेत बसवा. अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, कार्ब्युरेटर यांच्यावरही तारखा सापडतात.

पॅड खरा की पुन्हा ठोकलेला, हे कसं ओळखायचं? ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग कारखान्यात ब्रोच यंत्राने कापला जायचा, आणि त्याच्या बारीक, सरळ, समांतर रेषा पॅडवर राहतात. खऱ्या पॅडवर या रेषा अक्षराच्या अगदी कडेपर्यंत जातात, कारण आधी कापणी झाली, मग ठसा. नंबर घासून काढला असेल तर या रेषाही जातात. मग पॅड गुळगुळीत दिसतो, किंवा त्यावर गोलाकार खुणा असतात, किंवा कोणीतरी सँडपेपर ओढून नकली रेषा आणलेल्या असतात. त्या रेषांची खोली सारखी नसते. आपल्याकडे आरटीओच्या कामासाठी चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्यायचे, आठवतंय? मी आजही तेच करतो. फोटोत उजेड फसवतो, पेन्सिलच्या छापात रेषा आणि अक्षरं दोन्ही जशीच्या तशी उतरतात. पॅडवर तेल-मळ असेल तर सॉल्व्हंट आणि मऊ फडक्यानेच पुसा. तारेचा ब्रश किंवा सँडपेपर तिथे कोणालाही लावू देऊ नका, पुरावाच पुसला जाईल.

ही चूक माझ्या हातून झाली आहे आणि ती मला अजून सलते. सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाइकाची १९६९ ची एसएस ३९६ माझ्याकडे आली. पहिल्या मालकापासूनची, कागद पूर्ण, पॅड सुंदर. ब्लॉक मी एका मशीन शॉपला दिला आणि हेड बसतं तो पृष्ठभाग सपाट करायला सांगितलं. पॅड वाचवा, हे सांगायचं मी विसरलो. ब्लॉक परत आला तेव्हा पॅड आरशासारखा चमकत होता आणि नंबर नव्हता. इंजिन तेच, पण ते तेच आहे हे आता कोणालाही दाखवता येणार नव्हतं. पॅड हेडच्या गॅस्केटच्या बाहेर असतो, त्यामुळे कापणारा माणूस तेवढी जागा सहज सोडू शकतो, फक्त त्याला सांगायला हवं. तेव्हापासून ब्लॉक बाहेर पाठवण्याआधी मी पॅडचे फोटो आणि छाप घेतो, आणि पिवळ्या रंगाने ब्लॉकवरच लिहितो : इथे कापू नका. गाडी घेतलीत आणि कधी इंजिन उघडायची वेळ आली, तर माझी ही गोष्ट तुमच्या मेकॅनिकला जरूर सांगा.

उलट बाजूही सांगायला हवी. नंबर जुळत नाही म्हणजे विकणारा लबाड, असं धरू नका. या गाड्या घेणारी पोरं पंचविशीच्या आतली असत आणि शनिवारी रात्री शर्यत लावत. वॉरंटीत कित्येक इंजिनं बदलली गेली. त्या काळात शेव्हरोले बदली म्हणून जे ब्लॉक द्यायची, त्यांवर सीई अक्षरांनी सुरू होणारा ठसा असायचा. खरी एलएस६ गाडी, खरं बिल्ड शीट आणि सीई ब्लॉक, अशी जोडी माझ्याकडे आली आहे. ती गाडी अस्सलच आहे. फक्त तिला ‘जन्माच्या इंजिनासह’ म्हणून विकता येणार नाही आणि किंमत त्याप्रमाणे उतरते.

इथवरचं एकत्र करतो : व्हिनवरून व्ही८ मालिबू कळते, बिल्ड शीट आणि प्लेटवरून एसएस ४५४ आणि एलएस६ कळतं, पॅड आणि ओतकामाच्या तारखांवरून हेच इंजिन याच गाडीचं का ते कळतं. चारचौघांत मिरवणाऱ्या बाकीच्या गोष्टी, म्हणजे बिल्ले, पट्टे, हवेची झडप असलेलं बॉनेट, गोल मीटरचा डॅश, बारा बोल्टचं डिफरन्शियल, या सगळ्या नंतर बसवता येतात आणि बसवलेल्या असतात. मी त्या पाहतो, पण त्या असल्या म्हणून मान डोलवत नाही. नसल्या तर मात्र प्रश्न विचारतो. नकली करणाऱ्यांचं लक्ष दिसणाऱ्या जागी असतं, म्हणून मी न दिसणाऱ्या जागी जातो : फेंडरच्या आत जुनी भोकं बुजवल्याच्या वेल्डच्या खुणा, लहान इंजिनाची बारीक पेट्रोल नळी तशीच राहिलेली.

व्हिनच्या पट्टीच्या रिव्हेटही पाहा. त्या सहा पाकळ्यांच्या फुलासारख्या असतात. साध्या गोल रिव्हेट असतील, पट्टी वाकलेली असेल, भोवती गोंद दिसत असेल, तर तिथूनच घरी या. व्हिनच्या पट्टीशी छेडछाड हा केंद्रीय कायद्याखाली गुन्हा आहे, आणि अशी गाडी पोलिसांनी अडकवली तर तुमचे पैसे अडकतात. फ्रेमवरही व्हिनचा भाग ठोकलेला असतो. बॉडी वर असताना तो दिसायला अवघड, पण छोट्या कॅमेऱ्याने कधी वाचता येतो.

बॉडीबद्दल ओहायोवाल्यांना वेगळं सांगायला नको. हिवाळ्यात रस्त्यावर पडणारं मीठ पत्रा खातं. चेव्हेलमध्ये मागच्या काचेच्या खालचे कोपरे, डिकीचा तळ, मागच्या चाकांमागचा पत्रा, बॉडी ज्यांवर बसते ते माउंट, आणि मागच्या एक्सलवरून उचलून जाणारी फ्रेम, या जागा सगळ्यात आधी जातात. विनाइलचं छत असेल तर त्याखाली पाणी साचून छताच्या कडा जाळी होतात. एक चुंबक मऊ कापडात गुंडाळून न्या. जिथे तो धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. माझ्या हिशेबात इंजिन दुरुस्त करणं सोपं, कुजलेली फ्रेम आणि पत्रा दुरुस्त करणं खर्चिक. नंबर सगळे जुळले आणि फ्रेम सडलेली निघाली, तर निर्णय तुमच्या खिशावर आणि धीरावर आहे, तो मी तुमच्यासाठी घेऊ शकत नाही.

किंमत ठरवतानाही परिस्थिती पाहावी लागते. तुम्हाला गाडी चालवायची आहे की जपून ठेवायची आहे? ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जी ड्रीम क्रूझ असते, तिथे पोरांना मागे बसवून संथपणे फिरायचं असेल, तर प्रामाणिकपणे ‘ही मालिबूवर बांधलेली आहे’ असं सांगून विकलेली चेव्हेल तुम्हाला जास्त सुख देईल. पावसाच्या एका सरीने झोप उडणार नाही, ब्रेक सुधारून घेता येतील. अशा गाडीत मला काहीही कमीपणा वाटत नाही. खरी एलएस६ घ्यायची, तर जे सिद्ध होतंय तेवढ्याचीच किंमत द्या. शीट खरं पण इंजिन बदललेलं, ही एक किंमत. दोन्ही खरं, ही दुसरी. ‘असावं असं वाटतंय’ याला मी एक डॉलरही देत नाही. आणि एवढ्या रकमेचा व्यवहार असेल, तर चेव्हेलच जाणणारा, विक्रेत्याशी संबंध नसलेला तपासनीस पैसे देऊन न्याच.

सांभाळण्याचं म्हणाल, तर तुम्हाला जमेल. या गाडीत संगणक नाही, काय बिघडलं ते डोळ्यांना दिसतं आणि कानांना ऐकू येतं. काही गोष्टी मात्र आजच्या गाडीसारख्या नाहीत. पहिली म्हणजे ऑइल. या इंजिनाचे टॅपेट, म्हणजे कॅमशाफ्टची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारे भाग, सपाट तळाचे, कॅमशाफ्टवर सरळ घासणारे. त्यांना झिंक आणि फॉस्फरस असलेलं ऑइल लागतं. आजच्या गाड्यांच्या ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ऑइलमध्ये, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी, फॉस्फरस ०.०८ टक्क्यांपर्यंतच ठेवलेला असतो. मी ०.१२ टक्क्यांच्या आसपासचं, जुन्या गाड्यांसाठीचं ऑइल वापरतो. हे न पाळल्यामुळे नव्याने बांधलेल्या इंजिनाचा कॅम पहिल्याच उन्हाळ्यात झिजलेला मी पाहिलाय. एलएस६ चे टॅपेट हायड्रॉलिक नाहीत, म्हणजे व्हॉल्व्हचं अंतर अधूनमधून तपासून बसवावं लागतं. ते शिकून घ्या, एका दुपारचं काम आहे.

पेट्रोलचा प्रश्न दुहेरी आहे. मूळ एलएस६ चं कॉम्प्रेशन ११.२५ ला १, त्यामुळे पंपावरचं सगळ्यात चांगलं ९३ ऑक्टेन घ्या, आणि चढावर टकटक ऐकू आली तर पाय काढा आणि टायमिंग तपासा. दुसरं इथेनॉल. दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या खातं, पाणी ओढतं, आणि महिनोन्‌महिने पडून राहिलं की कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो. सगळ्या रबरी नळ्या बदलून एसएई ३० आर ९ छाप असलेल्या टाका. इंजिनाला आग लागलेल्या ज्या गाड्या माझ्याकडे आल्या, त्यांतल्या बहुतेकींत कारण जुनी नळीच होती, म्हणून गाडी घरी आली की पहिलं काम हे. शिसं नसलेल्या पेट्रोलने व्हॉल्व्हच्या सीट झिजतील अशी भीती अनेकांना असते. वर्षाला हजारभर मैल चालवणाऱ्याने त्यासाठी मुद्दाम हेड उघडू नयेत. दुसऱ्या कारणाने उघडले तर तेव्हा पाहा.

टायरची नक्षी नवी दिसली तरी त्यांचं वय वाचा. कडेवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. दहा वर्षांवरचे टायर मी कोणाला चालवू देत नाही. ब्रेकचं तेल दर दोन वर्षांनी बदला. इग्निशनला जुने पॉइंट असतील तर ड्वेल, म्हणजे पॉइंट बंद राहतात तो कोन, ३० अंशांच्या आसपास ठेवा. नोव्हेंबरात रस्त्यावर मीठ पडायच्या आत गाडी आत घ्या, टाकी भरून त्यात स्टॅबिलायझर टाका, बॅटरी चार्जरवर ठेवा आणि उंदरांचा बंदोबस्त करा. वायरिंग जितकं गंजाने जातं तितकंच उंदरांनी जातं. विमा घेताना ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’चा घ्या, म्हणजे किंमत आधीच लिहून ठरलेली असते. आणि काढलेला कोणताही मूळ भाग टाकून देऊ नका. बिघडलेला अल्टरनेटरसुद्धा पिशवीत तारीख लिहून ठेवा, कारण त्याच्या अंगावरची तारीख हाही पुराव्याचाच भाग आहे.

तुम्ही शनिवारी गाडी पाहायला जाणार असं लिहिलंय. सोबत टॉर्च, छोटा आरसा, मऊ पेन्सिल, पातळ कागद, चुंबक आणि मऊ फडकं न्या. इंजिन थंड असताना पोहोचा, आणि ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका’ असं आधी फोनवर सांगा. मूळ बिल्ड शीट हातात मागा, आणि मागच्या सीटची गादी उचलायची परवानगी मागा. मालकाने आनंदाने उचलून दिली तर बोलणं पुढे न्या. मग पॅडचा फोटो समोरून न घेता थेट वरून, बाजूने तिरपा उजेड टाकून घ्या, एक पेन्सिलचा छाप घ्या, ब्लॉकवरची ओतकामाची तारीख आणि फायरवॉलवरचा टॅग यांचेही फोटो काढा. व्हिनचे शेवटचे तीन आकडे झाकून ते इथे टाका, तारखांचा क्रम मी लावून देतो.